भिंतीकडचे दोन नट

शांता गेली त्या सकाळी मी फरीदाबादच्या बाहेरच्या एका डेअरीत होतो. म्हशींचा गोठा, आणि त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये चारा कापायच्या मशीनचं जुनं डिझेल इंजिन. त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, बसवून झालं होतं आणि इंजिन गरम व्हायला चालू ठेवलं होतं. शर्ट खिळ्याला अडकवलेला, शर्टात फोन. ते एका सिलिंडरचं काळं धूड एकदा सुरू झालं की शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंही कळत नाही, फोन कुठून ऐकू येणार? इंजिन बंद केलं, घाम पुसला, मग फोन पाहिला. शेजारच्या परमजीतचे कॉलवर कॉल. मी लावला तर म्हणाली, "भाईसाहब, आप बस घर आ जाओ." काय झालं विचारलं तर पुन्हा तेच, "आप घर आ जाओ." पाने तिथेच टाकून निघालो. घरी आलो तर शांता पलंगावर, आणि परमजीत तिचे पाय चोळत बसलेली. चोळून काही होणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

सकाळी निघताना ती ओट्यापाशी उभी होती. मला म्हणाली, "आज हेड बसवणार, मग उद्या पुन्हा आवळायला जाणार ना? उद्या मी येते. आज जरा बरं वाटत नाहीय." मी म्हटलं, पड जरा. एवढंच. आमचं शेवटचं बोलणं हेड आवळण्याचं झालं. लोकांच्या बायका जाताना काय काय सांगून जातात म्हणे.

महाराष्ट्र मंडळाच्या मंडळींनी सांगितलं, तिच्याबद्दल लिहून द्या, मंडळाच्या अंकाच्या पुरवणीत छापून येईल. मी सातवीपर्यंत शिकलेला फिटर माणूस. मला इंजिन सोडून दुसरं सांगता येत नाही, आणि शांताबद्दल जे सांगायचं आहे तेही इंजिनातूनच जातं. मंडळात तिला हळदीकुंकवाला कैरीची डाळ करणारी बाई म्हणून सगळ्या ओळखतात. ते खरंच आहे. पण मागच्या आठवड्यात मला तिचं एक काम सापडलं, त्यानं माझी झोप उडाली आहे. ते लिहितो.

आम्ही कराडकडचे. लग्न झाल्यावर वर्षभरात कारखान्याच्या नोकरीवर फरीदाबादला आलो. कारखाना पुढे बंद पडला आणि मी जुन्या इंजिनांच्या कामाला लागलो. पिठाच्या चक्क्या, डेअऱ्या, रोपांच्या नर्सऱ्या... लाइट गेली की ज्यांचं इंजिनावाचून अडतं ते सगळे. शांता आली तेव्हा तिला हिंदीचं अक्षर येत नव्हतं. भाजीवाल्यांशी भांडून भांडून शिकली आणि नंतर घरातही तेच बोलायला लागली. "चलो, जेवायला या," असं. मुलगा सुहास तर निम्मा हिंदीच आहे. तो आता गुरुग्रामला वरच्या कुठल्यातरी मजल्यावर राहतो, खाली पाहिलं की मला गरगरतं. आमच्या घरात इंजिनाचे तुकडे नेहमीच असायचे. जळकी गॅस्केटं शांता गरम भांड्याखाली ठेवायची. तांब्याची ती पातळ पट्टी, मधे गोल भोक, हेड आणि सिलिंडरच्या मधे दबून बसते आणि आतला जाळ आत, पाणी बाहेर ठेवते. ती गेली की इंजिन गेलं. पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात, पांढरा धूर निघतो, हँडल मारून मारून खांदा उतरतो.

चार-पाच वर्षांपूर्वी यमुनेच्या बाजूला चौधरींची नर्सरी आहे, तिथलं इंजिन मला छळायला लागलं. गॅस्केट घातलं की थोडे दिवस चालायचं आणि पुन्हा टाकीत बुडबुडे. पुन्हा खोला. दर वेळी गॅस्केट जळालेलं असायचं एकाच अंगाला, भिंतीच्या बाजूला. आता नुसतं गॅस्केट बदलणं हे मिस्त्रीचं काम नव्हे, ते तर कुणीही बदलील. का गेलं ते शोधायचं असतं. मी हेडवर पट्टी धरून उजेड पाहिला, किंचित वाकलेलं वाटलं म्हणून खरादवर नेऊन तासून आणलं. तरी गॅस्केट गेलं. मग सिलिंडरच्या आतल्या नळीची, लायनरची, कड पाहिली, ती एका बाजूला दबलेली तर नाही ना. ठीक होती. मग तिथलं खारं पाणी. आतल्या वाटांत क्षार धरून त्या बाजूला पाणीच पोचत नसेल म्हणून सगळं खरवडून काढलं. पुन्हा गेलं. शांताच्या ओट्यावर तसली गॅस्केटं जमली. एकदा कढई उतरवताना म्हणाली, "अहो, ही सगळी एकाच जागी कशी जळतात?"

"त्या बाजूला धुराचा पाइप आहे. ती बाजू जास्त तापते."

"अच्छा," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण आधी एवढी वर्षं तापत नव्हती का?"

मी म्हटलं, तू कढई बघ.

त्याच दिवसांत सुहास आला होता. मला कुकरचं झाकण बसवता येत नव्हतं, हात वर गेला की उजव्या खांद्यात कळ यायची. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, आता बस करा ना यार. हातात ताकद राहिली नाही तुमच्या. ते चौधरी अंकलचं इंजिन म्हणूनच टिकत नसेल." मी त्याच्याशी जेवणात बोललो नाही आणि निघताना खाली सोडायलाही गेलो नाही. फिटरला हात गेला म्हणणं आणि गवयाला गळा गेला म्हणणं सारखंच. त्यानं नंतर आकडे दाखवणारा पाना आणून दिला, नट किती आवळला ते सांगणारा. तो डब्यातच आहे. या जुन्या इंजिनांचे आकडे कुणापाशी उरलेत? आणि माझ्या उस्तादांनी मला शिकवलं होतं की नट हातानं आवळायचा, हाताला कळतं कुठे थांबायचं. पान्याला पाइप लावून लांब करणारा तो हमाल, मिस्त्री नव्हे. पाइप लावला की ताकद वाढते पण हाताचं कळणं जातं आणि एक दिवस नट ज्यावर बसतो तो स्टडच तुटून हातात येतो. मी आयुष्यात पाइप लावला नव्हता.

चौधरी तेव्हा माझ्या तोंडावर म्हणाला होता, "मिस्त्रीजी, एक बार और देख लो, नहीं तो इसे कबाड़ी को दे दूँगा." इंजिन त्याच्या वडिलांचं होतं, तरी म्हणाला. आणि इंजिन भंगारात गेलं की त्या पट्ट्यात माझं नावही त्याच्या मागून गेलं असतं. एका नर्सरीवाल्यानं सांगितलेलं दुसऱ्या नर्सरीवाल्याला कळायला वेळ लागत नाही.

त्या वेळी शांता पहिल्यांदा माझ्याबरोबर आली. म्हणाली, "मला कढीपत्त्याचं रोप आणायचंय, नर्सरीतच जाताय ना?" स्कूटरवर मागे बसली, मांडीवर माझी पानेपेटी. मी जुने स्टड काढून नवे घातले होते, जुने ताणले गेले असतील असा माझा हिशोब. हेड बसवलं, समोरासमोरचे नट थोडे थोडे करत आवळले. चार नट. शेडच्या दाराकडचे दोन सोपे, हाताशी येतात. भिंतीकडचे दोन अवघड, तिकडे उभं राहायला जागा नाही, इंजिनावरून हात लांबवून पाना ओढावा लागतो. आवळून झालं की मी नटावर आणि हेडवर मिळून चुन्याची एक रेघ ओढायचो. नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटते, लांबूनच कळतं. त्या दिवशी चुन्याची डबी घरी राहिली. शांतानं पिशवीतून करंडा काढला, कुंकवात इंजिनाचं तेल कालवलं आणि बोटानं चारी नटांवर रेघा ओढल्या. "तुमच्या चुन्यापेक्षा हे बरं. दसऱ्याला एक दिवस लावतो, आता बारा महिने." मी हसलो. खरं म्हणजे ते तेलातलं कुंकू चुन्यापेक्षा जास्त टिकतं.

दुसऱ्या दिवशी गार इंजिन पुन्हा आवळायला गेलो तर ती पुन्हा तयार. रोप तर आदल्या दिवशीच आणलं होतं. म्हणाली, "माझ्या रेघा बघायच्यात मला." नवं गॅस्केट गरम झालं की दबतं, म्हणून गार झाल्यावर सगळे नट एकदा फिरवून घ्यावे लागतात. ते केलं, मग वाल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यातली फट बसवली. तिनं आदल्या दिवशीच्या रेघा पार पुसून नव्या ओढल्या आणि मला म्हणाली, "जा, हात धुऊन या. नीट धुवा, स्कूटरच्या मुठी काळ्या करता तुम्ही आणि मग मीच पुसत बसते." नर्सरीचा नळ लांब, कुंड्यांच्या पलीकडे. मी माती आणि साबण लावून हात घासले, चौधरीबरोबर चहा घेतला, परत आलो. ती इंजिनापाशी बसून पदराला लागलेलं कुंकू झटकत होती.

ते गॅस्केट टिकलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडीत हवा बिघडली म्हणून सरकारनं डिझेल इंजिनांवर बंदी आणली तेव्हा इंजिन काही दिवस बंद होतं, पुन्हा सुरू झालं, बुडबुडा नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो, स्टड होते, स्टड. सुहासलाही फोनवर ऐकवलं, "हात गेला म्हणत होतास ना?" शांता बाजूला बसून शेंगा सोलत होती.

मग ती प्रत्येक ठिकाणी यायला लागली. मंडळातल्या बायका आपापसात हसायच्या, मिस्त्री सहकुटुंब काम करतो म्हणून. शांता त्यांना म्हणायची, "यांना एकटं सोडलं तर जेवत नाहीत." रेघा तिच्या, हात धुवायचा हुकूम तिचा. एक गोष्ट मला खटकायची. मी टॅपेटची फट बसवून यायचो आणि पुढच्या खेपेला पाहावं तर फट कमी झालेली. वाल्व्ह जिथे टेकतो ती सीट झिजून खाली बसत असेल, असं मनाशी म्हणून पुन्हा नीट करायचो. मिस्त्रीला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडतं, खरं असो नसो.

तर, ती गेली. तेरा दिवस झाले. सुहास म्हणाला, "बाबा, आमच्याकडे चला ना." मी म्हटलं, बघू. आणि डेअरीवाल्याचा फोन आला की टाकीत बुडबुडे येतायत. साहजिकच होतं. त्या दिवशी हेड बसवून गरम केलं आणि दुसऱ्या दिवशी गार आवळायला जायचं, तर दुसऱ्या दिवशी मी स्मशानातून राख गोळा करत होतो. चूक कळलेली होती, काही शोधायचं नव्हतं. गेलो, नवं गॅस्केट घातलं, गरम केलं, गार केलं, आवळलं, सगळं नियमानं. चुन्याच्या रेघा ओढल्या. घरी आलो.

आठवडा झाला नसेल, पुन्हा फोन.

पुन्हा गेलो. हेड खोललं तर गॅस्केट गेलेलं, या शेडमध्येही भिंत ज्या बाजूला आहे त्याच बाजूला. धुराचा पाइप इथे दुसरीकडे आहे. मी तिथे म्हशींच्या शेणाच्या वासात बसून राहिलो आणि पहिल्यांदा सुहासचं बोलणं मनात येऊ दिलं. पण मग चौधरीकडचं कसं टिकलं? बिघडलेलं इंजिन पाहून कळत नसेल तर चालणारं इंजिन पाहायचं असतं. दुसऱ्या दिवशी नर्सरीत गेलो.

चौधरी नव्हता. माळ्याची बायको रामकली वाफ्यात बसली होती, तिनं शेडचं दार उघडलं. अम्मा गेल्याचं तिला कळलं होतं, तोंडाला पदर लावून थोडी रडली. मी इंजिनापाशी गेलो. काही खोलायचं नव्हतंच, नुसतं पाहायचं होतं. दाराकडच्या नटांवर शांताची रेघ, हेडवरून नटावर सरळ गेलेली, तेलानं काळपट झालेली पण शाबूत. मग इंजिनावरून वाकून भिंतीकडचे नट पाहिले. चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. हेडवर एक रेघ. नटांवर दोन. एक गडद, हेडवरच्या रेघेला जुळलेली. दुसरी तिच्या पुढे सरकलेली, पुसलेली, फिकट, नटाच्या कडेच्या खाचेत थोडं कुंकू राहिलं म्हणून दिसणारी. दोन्ही नटांवर तसंच.

मी आवळलं, तिनं रेघ ओढली, आणि त्यानंतर तो नट आणखी फिरला होता. सैल होण्याच्या दिशेनं नाही, आवळण्याच्या. मग जुनी रेघ पुसून नवी ओढलेली.

रामकली दारातच होती. मी विचारलं, "मैं हाथ धोने जाता था, तब अम्मा यहाँ क्या करती थीं?"

तिनं हाताची माती पदराला पुसली. मग म्हणाली, "वो तो पाइप माँगती थीं हमसे. वो नल वाला टुकड़ा, कोने में रखा है देखो. पाने में फँसा के पूरी लद जाती थीं उस पे, जैसे कोल्हू चला रही हों. मैं कहती, अम्मा, गिर जाओगी. हँसती थीं."

"मुझे बताया क्यों नहीं?"

"मना किया था. मैंने पूछा, काहे करती हो, बाबा तो कस के गए हैं. बोलीं, उनका कंधा नहीं मानता, और वो भी नहीं मानते."

कोपऱ्यात पाइप होता. नळाचा, हातभर लांब, एका टोकाला पान्याच्या दांड्याचे ओरखडे.

मला राग आला. खरं सांगतो, रडू नंतर आलं, आधी राग आला. माझ्या पाठीमागे? माझं काम? टॅपेटची फट का कमी व्हायची तेही तिथे उभ्या उभ्या कळलं. नट आणखी आवळला की हेड केसभर खाली बसतं आणि फट घटते. मी सीटला दोष देत होतो आणि ही बाई पदर खोचून, गुडघे दुखत असताना, हमालासारखी पाइपवर... आणि घरी येऊन मला म्हणायची, मुठी काळ्या करता तुम्ही.

तेव्हापासून मला चैन नाही. मी हात लावलेली कितीतरी इंजिनं आजही चालू आहेत. त्यांतली माझ्या हातानं किती टिकली आणि तिच्या किती? ती जिथे येत होती तिथली सगळी तिचीच का? की काही ठिकाणी माझाही हात पुरला असेल आणि तिनं नुसतं पाहून सोडून दिलं असेल? प्रत्येक ठिकाणी जाऊन भिंतीकडचे नट पाहिले तर कळेल. आधी वाटलं, जावं. स्कूटर काढली, एका चक्कीच्या वळणापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तिनं एवढी वर्षं जे झाकून ठेवलं ते मी उघडत कशाला फिरू? पण न पाहूनही सुटका नाही. रात्री डोळे मिटले की नटच दिसतात. तिच्याशी भांडायचं आहे मला. "माझ्या तोंडावर का नाही सांगितलंस?" असं विचारायचं आहे. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत आहे, आणि तिला तर नक्कीच माहीत होतं. सुहासला जेवणात दिलं तेच उत्तर तिला दिलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती घरी बसली असती, गॅस्केटं जळत राहिली असती.

सुहासला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई मला म्हणाली होती, बाबांना काही बोलू नकोस, मी बघते." मी बघते... मला वाटायचं, ती मला जेवायला घालायचं बघते.

डेअरीचं इंजिन तसंच पडलं होतं, म्हशी वैरणीवाचून राहत नाहीत. परवा गेलो. जाताना तिचा करंडा पेटीत टाकला आणि वाटेत रामकलीकडून तो पाइप मागून घेतला. तिनं कापडात गुंडाळून दिला, जसं काही देवाचं. नवं गॅस्केट घातलं, हेड बसवलं. दाराकडचे दोन नट हातानं आवळले, नेहमीसारखे. भिंतीकडच्या नटांना पाना लावला, पान्याला पाइप चढवला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो. उस्ताद आठवले. मग कंबर लावली. नट फिरला, माझ्या हाताला जिथे संपला वाटायचं त्याच्या पुढे फिरला, आणि मग थांबला. गरम केलं. काल सकाळी गार झाल्यावर पुन्हा आवळलं, पाइप लावूनच. फट बसवली. कुंकवात तेल कालवलं. माझं बोट जाड, रेघ तिच्यासारखी बारीक येत नाही, पण चारी नटांवर ओढली.

मग हात धुवायला गेलो. नळ गोठ्याच्या पलीकडे आहे. माती लावली, साबण लावला, नखांतलं काढलं. पुन्हा साबण लावला. डेअरीवाला म्हणाला, "मिस्त्रीजी, चाय?" घेतला, बसून घेतला, सावकाश, कप धुऊन ठेवला. शेडकडे पाठ करून बसलो होतो. आणखी थोडा वेळ बसलो. मग उठून आत गेलो आणि इंजिनावरून वाकून भिंतीकडचे नट पाहिले.

एकेकच रेघ होती.